एका वर्गात सामावलेले जग

आपल्या देशातील मोठ्या शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर ‘आंतरराष्ट्रीय शाळा’ असा फलक आता ठिकठिकाणी दिसतो. उंच फाटक, पिवळ्या बसगाड्यांची रांग, वातानुकूलित वर्ग आणि सामान्य कुटुंबाला न पेलणारे शुल्क, एवढेच चित्र या शब्दाबरोबर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या शब्दामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा प्रारंभ वैभवात झालेला नाही. तो एका महायुद्धाच्या राखेतून झाला. वेगवेगळ्या देशांची, भाषांची आणि धर्मांची मुले एका बाकावर बसवली, तर त्यांच्या हातून पुढील युद्ध टळेल काय, हा प्रश्न या शाळांच्या मुळाशी होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिक्षकांनी नकाशे बदलले, इतिहासाची मांडणी बदलली, परीक्षा बदलल्या. त्यांच्या प्रयत्नांत काय साधले, काय साधले नाही आणि आपल्या साध्या शाळांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. केवळ परदेशी परीक्षा घेणारी शाळा आंतरराष्ट्रीय ठरत नाही, तसेच परदेशी विद्यार्थी आहेत म्हणूनही ती तशी ठरत नाही. वसाहतकाळात साहेबांच्या मुलांसाठी उघडलेल्या शाळा परदेशी होत्या, परंतु त्या आंतरराष्ट्रीय नव्हत्या, कारण त्यांचा रोख एकाच राष्ट्राकडे होता. ज्या शाळेत कोणतेही एक राष्ट्र केंद्रस्थानी नसते आणि तरीही कोणत्याही मुलाचे राष्ट्र त्याच्यापासून हिरावून घेतले जात नाही, तिलाच हे नाव खऱ्या अर्थाने शोभते.

जिनिव्हातील प्रारंभ

१९१९ नंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना या दोन नव्या संस्थांची कार्यालये जिनिव्हा येथे आली. त्यांच्याबरोबर निरनिराळ्या देशांचे अधिकारी आणि त्यांची कुटुंबेही आली. या मुलांनी शिकावयाचे कोठे? प्रत्येक राष्ट्राने आपापली शाळा काढली असती, तर वडील दिवसभर ज्या सलोख्यासाठी खपत होते, त्याच्या उलट धडा मुलांना मिळाला असता. म्हणून राष्ट्रसंघाच्या सचिवालयातील अमेरिकन अधिकारी आर्थर स्वीटसर, संघाच्या आरोग्य विभागाचे पोलिश प्रमुख लुडविक राइखमान आणि त्यांचे काही सहकारी एकत्र आले. त्यांना साथ मिळाली ती स्थानिक शिक्षणशास्त्रज्ञांची. जिनिव्हामध्ये रूसोच्या नावाने चालणारी शिक्षणसंस्था नव्या शिक्षणविचाराचे माहेरघर होती. तिच्याशी संबंधित असलेल्या आदोल्फ फेरिएर यांनी पुढाकार घेतला आणि १९२४ च्या शरद ऋतूत अवघ्या आठ मुलांनिशी जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. त्याच वर्षी जपानमधील योकोहामा बंदरातही परदेशी कुटुंबांच्या मुलांसाठी एक आंतरराष्ट्रीय शाळा उघडली.

भारतीय वाचकांना जिवळ्याची वाटावी अशी एक नोंद येथे केली पाहिजे. १९२६ मध्ये कमला नेहरू यांच्यावरील उपचारांसाठी नेहरू कुटुंब जिनिव्हा येथे राहिले, तेव्हा आठ वर्षांच्या इंदिरेचे नाव याच शाळेत घातले गेले होते.

शाळा निघाली खरी, परंतु तेथे नेमके काय शिकवावे? निरनिराळ्या देशांची मुले एकत्र बसली म्हणजे सलोखा आपोआप निर्माण होतो, ही समजूत फार काळ टिकणारी नव्हती. मुले घरून आपापले पूर्वग्रह घेऊन येतात, आणि पाठ्यपुस्तके तर त्या पूर्वग्रहांना छापील आधार देतात. म्हणून पुस्तकांकडे आणि अध्यापनपद्धतीकडे वळणे भाग होते.

नकाशा आणि इतिहास

या कामी मारी-तेरेझ मोरेत या शिक्षिकेचे नाव महत्त्वाचे आहे. १९२९ पासून वीस वर्षे त्या शाळेच्या प्रमुख होत्या. शांततेसाठी शिक्षण देण्याची काही पद्धती आहे काय, या प्रश्नावर त्यांनी १९४८ मध्ये युनेस्कोसाठी एक पुस्तिका लिहिली. तीत उपदेशाला फारसे स्थान नाही, वर्गातील अनुभव मात्र भरपूर आहेत.

त्यांचा पहिला बदल भूगोलात होता. सामान्यतः मूल आपल्या गावापासून आरंभ करते, मग जिल्हा, मग प्रांत, मग देश शिकते. आणि जग शेवटी, वेळ उरल्यास. मोरेत यांच्या शाळेत संपूर्ण पृथ्वी आधी येत असे. त्यांचे वडील पोल द्युप्वी हे तेथे भूगोल शिकवीत. पृथ्वीगोल, सागर, खंड, वारे आणि माणसांची वस्ती यांचे ज्ञान आधी आणि राजकीय सीमा नंतर, असा त्यांचा क्रम होता. सीमारेषा माणसाने ओढलेल्या आहेत, पर्वत आणि नद्या त्याने निर्माण केलेल्या नाहीत, हे मुलाला शब्दांनी सांगावे लागत नसे. अभ्यासाचा क्रमच ते सांगून जाई.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु नकाशा किती खोलवर मनावर ठसतो याचे एक उदाहरण पाहू. १५६९ मध्ये मर्केटरने दर्यावर्दींसाठी जो नकाशा आखला, त्याच पद्धतीचे नकाशे अनेक पिढ्या शाळांच्या भिंतींवर लटकत राहिले. त्यात ध्रुवांकडील प्रदेश फुगतात आणि विषुववृत्ताजवळील आक्रसतात. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठा आहे. हा नकाशा दिशा शोधण्यासाठी उत्तम होता, खोटा नव्हता. परंतु तो ज्या कामासाठी केला नव्हता त्या कामाला जुंपला गेला. शिक्षकाने वर्गात नकाशाशेजारी पृथ्वीगोल ठेवला आणि मुलांना दोऱ्याने अंतरे मोजावयास लावली, तर एका तासात त्यांना दोन गोष्टी उमगतात : आफ्रिका केवढी आहे, आणि छापलेली प्रत्येक गोष्ट तपासून पाहावी लागते.

दुसरा बदल इतिहासात होता. अगदी लहान वयात राष्ट्राच्या विजयांच्या आणि सुडाच्या कथांनी मुलाचे मन भरून टाकू नये आणि इतिहास शिकवू लागल्यावर तो जगाचा इतिहास म्हणून शिकवावा, असा मोरेत यांचा आग्रह होता. एकाच शतकात चीनमध्ये, भारतात, अरब जगात आणि युरोपात काय घडत होते, हे शेजारी-शेजारी मांडले की कोणत्याही एका देशाला आपणच संस्कृतीचे मालक आहोत असे वाटेनासे होते. तिसरा बदल भाषेचा होता. शाळेचे काम फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चाले. परक्या भाषेत अडखळण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, तो दुसऱ्याच्या अडखळण्याला सहसा हसत नाही.

परीक्षेची भिंत

या सुंदर कल्पनांना एक भिंत आडवी आली. ती भिंत परीक्षेची होती. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी विद्यापीठाच्या दाराशी पोहोचला की त्याला आपल्या देशाची परीक्षा द्यावी लागे. फ्रेंच मुलाला फ्रेंच परीक्षा, इंग्रज मुलाला इंग्रजी, स्विस मुलाला स्विस, अमेरिकन मुलाला अमेरिकन. दहा वर्षे एकत्र शिकलेला वर्ग शेवटच्या दोन वर्षांत राष्ट्रांच्या तुकड्यांत विभागला जाई. एकाच विषयासाठी चार अभ्यासक्रम आणि चार शिक्षक लागत. ज्या वयात मतभेदांवर खुली चर्चा व्हावी, त्याच वयात मुले वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन बसत.

या अडचणीतून मार्ग काढण्याची सुरुवात इतिहासाच्या शिक्षकांनी केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९६२ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय शाळांतील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद झाली आणि समकालीन इतिहासाचा एक सामाईक अभ्यासक्रम सर्व देशांच्या विद्यार्थ्यांसाठी तयार करावा, हा विचार तेथे पुढे आला. ज्या विषयावर राष्ट्रे सर्वाधिक भांडतात, त्याच विषयापासून त्यांनी आरंभ केला. या प्रयत्नांतूनच १९६८ मध्ये जिनिव्हा येथे ‘इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट’ ही संस्था स्थापन झाली. ऑक्सफर्डचे शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक होते. आज जगातील पाच हजारांहून अधिक शाळा तिचे अभ्यासक्रम चालवितात.

या संस्थेच्या पदविकेची रचना समजून घेतली म्हणजे आधुनिक शिक्षणाविषयीची तिची कल्पना लक्षात येते. विद्यार्थी सहा विषय घेतो. साहित्याच्या अभ्यासासाठी स्वतःची प्रभुत्व असलेली भाषा, एक अन्य भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक निसर्गविज्ञान आणि गणित हे पाच. सहावा विषय कलेचा किंवा आवडीचा. यांपैकी साधारणतः तीन विषय सखोल व तीन सामान्य पातळीवर शिकावयाचे असतात. म्हणजे विज्ञान घेणाऱ्याला साहित्य सोडता येत नाही आणि साहित्य घेणाऱ्याला गणित टाळता येत नाही. प्रत्येक विषयाला सात गुण, असे बेचाळीस गुण होतात. उरलेले तीन गुण ज्ञानमीमांसा आणि दीर्घ निबंध यांना मिळून असतात. हा निबंध चार हजार शब्दांपर्यंतचा असतो आणि त्यासाठी विद्यार्थ्याला स्वतः प्रश्न शोधून त्यावर काही महिने काम करावे लागते. याशिवाय कला, शारीरिक उपक्रम आणि सेवा यांना गुण नाहीत. परंतु ते पूर्ण केल्यावाचून पदविका मिळत नाही.

यात आणखी एक तरतूद आहे. एखाद्या विद्यार्थ्याची मातृभाषा शिकवणारा शिक्षक शाळेत नसला, तरी पुरेसे लिखित साहित्य असलेल्या त्या भाषेतील वाङ्मय त्याला शाळेच्या साहाय्याने स्वयंअध्ययनाने शिकण्याची सोय या पद्धतीत ठेवलेली आहे. परक्या देशातील शाळेत एकट्या पडलेल्या मुलाला ‘तुझी भाषा येथेही अभ्यासाची भाषा आहे’ असे सांगणे, ही समावेशनाची फार मोठी खूण होय.

एका तासाचे उदाहरण

ज्ञानमीमांसा हा शब्द जड आहे, परंतु त्याचा आशय साधा आहे : आपल्याला जे ठाऊक आहे, ते कसे ठाऊक झाले? याचे प्रात्यक्षिक आपल्याच इतिहासातून पाहू. समजा, वर्गापुढे १८५७ हा विषय आहे. शिक्षक तीन प्रकारचे कागद मांडतात. पहिला, एखाद्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा वृत्तांत. दुसरा, दिल्लीच्या बादशहाच्या नावाने निघालेला जाहीरनामा. तिसरा, गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकातील उतारा. विष्णुभट गोडसे हे वरसईचे एक भिक्षुक ब्राह्मण. द्रव्यार्जनासाठी ते उत्तरेकडे गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी पुढे लिहिलेला अनुभव १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता प्रश्न असे : यांतील प्रत्येकाने काय स्वतः पाहिले आणि काय ऐकले? कोणासाठी लिहिले? किती वर्षांनी लिहिले? कोणती गोष्ट सांगण्यात त्याचा लाभ होता आणि कोणती लपवण्यात? मग पुढचा प्रश्न : यालाच इंग्रज ग्रंथकारांनी दीर्घकाळ शिपायांचे बंड म्हटले, सावरकरांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात स्वातंत्र्यसमर म्हटले, तर रमेशचंद्र मजुमदारांसारख्या भारतीय इतिहासकाराने ते नाव मान्य केले नाही. नाव बदलल्याने घटना बदलते काय?

वर्गात एक इंग्रज मुलगी, एक लखनौचा मुलगा आणि एक केनियाचा मुलगा असेल, तर या तासाला निराळीच धार येते. परंतु ते तिघे नसले, तरीही हा तास होऊ शकतो. येथे शिक्षक कोणाचे मत ‘बरोबर’ ठरवीत नाहीत. मात्र सर्व मते सारखीच आहेत असेही म्हणत नाहीत. पुराव्याने टिकणारे मत आणि न टिकणारे मत यांतील भेद मुलांनी स्वतः करावयाचा असतो. आधुनिक शिक्षण म्हणजे भिंतीवरील पडदा किंवा हातातील यंत्र नव्हे. ते म्हणजे हा भेद करण्याची सवय.

हाताने केलेली मैत्री

केवळ चर्चेने माणसे जवळ येतात, यावर कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचा विश्वास नव्हता. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी १९२० मध्ये झालेम येथील शाळेच्या स्थापनेत प्रमुख वाटा उचलला. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये गेले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली. १९५५ मध्ये पॅरिस येथील एका संरक्षण महाविद्यालयात त्यांनी एक दृश्य पाहिले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे देशोदेशींचे अधिकारी तेथे एकत्र काम करीत होते. जे अधिकाऱ्यांना साधते, ते सोळा वर्षांच्या मुलांना का साधू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले, ते याच विचारातून.

या कॉलेजातील मुलांचा एक उपक्रम म्हणजे समुद्रात सापडलेल्यांना वाचवणे. त्या खडकाळ किनाऱ्यावर साध्या होड्या टिकत नसत. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी अनेक प्रयोग करून तळाशी कठीण आणि काठांना हवा भरलेली अशी होडी विकसित केली. आज जगभरची जीवरक्षक पथके वापरतात त्या प्रकारच्या होडीचा उगम या शाळेच्या कार्यशाळेत आहे. हान यांचा मुद्दा यातून स्पष्ट होतो. लाटेत बुडणाऱ्या माणसाकडे दोर फेकताना, शेजारच्याचे राष्ट्र कोणते हा प्रश्न मनात येत नाही. त्याचा हात घट्ट आहे की नाही, एवढेच महत्त्वाचे असते. विश्वनागरिकत्व ही प्रथम एक सवय आहे, तत्त्वज्ञान नंतर.

या कॉलेजपासून ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस’ ही चळवळ वाढली. अनेक देशांत तिच्या राष्ट्रीय समित्या आहेत. त्या विद्यार्थी निवडतात आणि गुणी परंतु गरीब मुलांसाठी शिष्यवृत्ती मिळवून देतात.

सोळा मुलांची शाळा

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे सुखवस्तूंचा शौक, असे ज्यांना वाटते त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या शेजारचा एक प्रयोग अवश्य अभ्यासावा. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांचे शिक्षण सरकारच्या ताब्यात गेले आणि त्यांना हलक्या श्रमांपुरतेच शिक्षण मिळावे अशी व्यवस्था झाली. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका वर्गात बसणे अशक्य झाले. जोहान्सबर्ग येथे अध्यापन केलेले मायकेल स्टर्न हे इंग्रज शिक्षक या अन्यायाने अस्वस्थ झाले. देशाच्या आत जे करता येत नव्हते, ते त्यांनी सीमेपलीकडे केले. १९६३ मध्ये, त्या वेळी ब्रिटिश संरक्षणाखाली असलेल्या स्वाझीलंडमधील म्बाबाने शहराजवळच्या डोंगरावर त्यांनी वॉटरफर्ड ही शाळा उघडली. विद्यार्थी होते सोळा, निरनिराळ्या वंशांचे.

१९६७ मध्ये राजा सोभुझा दुसरा याने या शाळेला ‘काम्हलाबा’ असे नाव दिले. त्या नावात ‘जगाची’ आणि ‘लहानसे जग’ असा भाव आहे. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली झेनानी आणि झिंझी या शाळेत शिकल्या. १९८१ मध्ये ही शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसमध्ये सामील झाली. स्वाझीलंडला २०१८ पासून एस्वातिनी म्हणतात. शाळा आजही तेथे उभी आहे.

येथे ‘समावेशन’ हा शब्द परिपत्रकातील राहत नाही. एका बाजूला संपूर्ण राज्ययंत्रणा, तिचे कायदे आणि तिचे पोलीस. दुसऱ्या बाजूला डोंगरावरील एक वसतिगृह. तेथे एका खोलीत झोपणारी, एका ताटावर बसणारी मुले रोज हे सिद्ध करीत होती की, सीमेपलीकडे ज्याला निसर्गनियम म्हणून सांगितले जाते, तो केवळ एक कायदा आहे. आणि कायदा बदलता येतो. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्व वंशांच्या मतदानाने निवडणूक झाली. त्याचे श्रेय एका शाळेला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नव्या समाजात कसे राहावयाचे, याचा सराव आधीच केलेली काही माणसे त्या देशाला मिळाली, यात संशय नाही.

आपल्या देशातील धागा

भारताला ही कल्पना परकी नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे शाळा काढली आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना केली. सारे विश्व जेथे एका घरट्यासारखे होते, अशा आशयाचे वैदिक वचन त्यांनी या संस्थेसाठी निवडले. तेथे चिनी, जपानी आणि युरोपीय विद्वान आले. परंतु मुले झाडाखाली बसून बंगालीत शिकत होती, गावातील ऋतूंचे उत्सव साजरे करीत होती आणि शेजारच्या श्रीनिकेतनात ग्रामीण पुनर्रचनेचे काम चालू होते. जगाकडे जाण्याची वाट आपल्या अंगणातून जाते, हा रवींद्रनाथांचा विचार या विषयातील भारताचे विशेष योगदान होय.

दुसऱ्या बाजूला मसुरीची वुडस्टॉक आणि १९०१ मध्ये स्थापन झालेली कोडाईकनाल येथील शाळा मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठी चालत असत. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आपले रूप पालटले. कोडाईकनालच्या शाळेने १९७६ मध्ये भारतात प्रथमच आंतरराष्ट्रीय पदविकेचा अभ्यासक्रम स्वीकारला. १९९७ मध्ये पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, सह्याद्रीच्या एका टेकडीवर युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसचे भारतातील महाविद्यालय सुरू झाले. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे भातखाचरांच्या शेजारी राहून शिकतात.

समावेशनाचे दुसरे परिमाण

आतापर्यंत आपण राष्ट्र आणि वंश यांचा विचार केला. परंतु वर्गाबाहेर राहणारे मूल नेहमी परदेशीच असते असे नाही. जे ऐकू शकत नाही, ज्याला जिना चढता येत नाही, ज्याला अक्षरे उलटी दिसतात, तेही मूल बाहेरच राहते. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ शासनांचे प्रतिनिधी जमले आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना सर्वसामान्य शाळांतच सामावून घ्यावे, असे त्यांनी घोषित केले. २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात हे तत्त्व समाविष्ट झाले. भारताने २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली आणि २०१६ मध्ये त्याला अनुसरून कायदा केला.

या दोन प्रकारच्या समावेशनांत एक आंतरिक साम्य आहे. परदेशातून आलेल्या मुलाला भाषा येत नाही म्हणून शिक्षक चित्रे काढतात, कृती करून दाखवतात, जोडीदार देतात, उत्तरासाठी अधिक वेळ देतात. हीच साधने वाचनात अडखळणाऱ्या मुलालाही उपयोगी पडतात. एका प्रकारचे वेगळेपण सामावून घेण्यास शिकलेला शिक्षक दुसऱ्या प्रकारच्या वेगळेपणाला घाबरत नाही. मात्र यासाठी वर्गातील मुले मर्यादित असावी लागतात, जोडीला सहायक शिक्षक लागतो आणि इमारतीला जिन्याबरोबर उतारही लागतो. सदिच्छा ही या साधनांची जागा घेऊ शकत नाही.

मर्यादांचा हिशेब

आता दुसरी बाजू पाहणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रारंभी या शाळांत प्रामुख्याने परदेशी अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची मुले असत. आज जगात अशा हजारो शाळा आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मुले त्या त्या देशातील श्रीमंत कुटुंबांची आहेत. फलकावर जग असते, वर्गात मात्र एकाच शहरातील एकाच आर्थिक स्तराची मुले असतात. पॅरिसच्या संग्रहालयाची माहिती असलेल्या मुलाला शाळेच्या भिंतीपलीकडील वस्तीत पाणी किती वाजता येते हे ठाऊक नसेल, तर त्याच्या विश्वनागरिकत्वात मोठी फट आहे असेच म्हणावे लागेल.

दुसरा धोका भाषेचा आहे. इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून काही ठिकाणी घरची भाषा शाळेच्या आवारात बोलू दिली जात नाही. मोरेत यांच्या शाळेत दोन भाषा होत्या, त्या एकमेकींना नम्र करण्यासाठी. एक भाषा दुसरीला हाकलून देत असेल, तर ते आंतरराष्ट्रीयत्व नव्हे. ती जुन्या वसाहतीची नवी आवृत्ती होय. आजीशी मनमोकळे बोलता न येणारे मूल जगाशी बोलण्यास समर्थ झाले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तिसरा धोका सेवेच्या औपचारिकतेचा आहे. वर्षातून एक दिवस वस्तीत जाऊन वह्या वाटणे आणि छायाचित्रे काढणे, यातून देणारा उंच आणि घेणारा ठेंगणा होतो. हान यांच्या कल्पनेतील सेवा नियमित, कौशल्याची आणि काहीशी जोखमीची होती. तीत शिकणारा स्वतःच घडत असे.

साध्या शाळेने काय घ्यावे

या प्रयोगांचे खरे मोल ते सर्वांना उपलब्ध होण्यात आहे. १९५३ मध्ये युनेस्कोने १५ देशांतील ३३ शाळांना एकत्र आणून सहयोगी शाळांची योजना सुरू केली. पुढे ती जगभर हजारो शाळांपर्यंत पोहोचली आणि त्यांत सरकारी शाळांचाही समावेश झाला. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाविषयी युनेस्कोने केलेली शिफारस २०२३ मध्ये नव्या स्वरूपात स्वीकारली गेली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतही विश्वनागरिकत्वाच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हा विषय आता मूठभर शाळांचा राहिलेला नाही.

आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेपाशी परदेशी विद्यार्थी नाहीत. परंतु तिच्यापाशी विविधता नाही काय? ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबाची मुले, बिहारमधून आलेल्या गवंड्याचा मुलगा, पाड्यावरची भिल्ली बोलणारी मुलगी, गावातील सावकाराचा नातू आणि त्याच गावातील भूमिहीन मजुराची मुलगी, हे सर्व एका वर्गात येतात. हजारोंचे शुल्क घेणाऱ्या कित्येक शाळांना जे जग मिळत नाही, ते येथे पटावर नोंदलेले असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांनाही प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना देण्यास सांगितले, त्यामागील तत्त्व हेच आहे. प्रश्न उरतो तो या मुलांना एका बाकावर बसवण्याचा, आणि बसवल्यावर त्या शेजाराचा अभ्यासासाठी उपयोग करण्याचा.

त्यासाठी पुढील गोष्टींना फारसा खर्च येत नाही. नकाशाशेजारी एक पृथ्वीगोल ठेवावा. इतिहासातील एखाद्या घटनेचे निदान दोन वृत्तांत मुलांपुढे ठेवावेत. वर्गात बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेतील दहा शब्द सर्वांनी शिकावेत आणि ते शिकवण्याचा मान त्या भाषेच्या मुलाला द्यावा. शाळेच्या जवळील एक खरा प्रश्न, मग तो विहिरीच्या पाण्याचा असो वा रस्त्यावरील अपघातांचा, वर्षभर हाती घ्यावा. त्याचे मोजमाप करावे, त्यावर गावाशी बोलावे आणि इतर देशांतील माणसांनी तोच प्रश्न कसा सोडवला ते वाचावे. चालू न शकणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणावा.

शंभर वर्षांपूर्वी जिनिव्हामध्ये आठ मुलांपासून जो प्रयोग सुरू झाला, त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत जगावर दुसरे महायुद्ध कोसळले. तेव्हा या शाळा हरल्या असे म्हणता येईल. परंतु आठ मुलांनी जग वाचवावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती. तो धडा आठांऐवजी आठ कोटी मुलांना मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याचे उत्तर उंच फाटकाच्या आतील शाळा एकट्या देऊ शकणार नाहीत. ते ज्या वर्गांत या देशाची बहुसंख्य मुले रोज सकाळी येऊन बसतात, त्याच वर्गांतून द्यावे लागेल.